दोन हजार सातची बत्तीस मिनिटं

१

मेलेल्या माणसाचा कॉम्प्युटर काउंटरवर ठेवून ती बाई म्हणाली, "माझ्या वडिलांनी जायच्या आधी यावरून मला मेल पाठवला. तो त्यांनीच पाठवलाय का, एवढं सांगा. मग या खोक्याचं काय करायचं ते करा."

पक्कडने आधी खोकं पाहिलं आणि मग बाईकडे पाहिलं. तिचा क्रम नेहमी हाच असे. माणसं स्वतःबद्दल सर्रास थापा मारतात. जुन्या यंत्रांना अजून तेवढी अक्कल आलेली नव्हती.

पक्कड हे टोपणनाव. पूर्वी ती एका कारखान्याच्या दुरुस्ती विभागात होती. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून तिथल्या लोकांनी ते ठेवलं. पुढे कारखाना बंद पडला, नाव चालू राहिलं. आता दोन माणसं उभी राहिली की भरणारं तिचं दुकान होतं. 'जुने फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी होती, आणि तिच्याखाली कोणीतरी खडूने 'नवरे सोडून' असं लिहिलं होतं. तिने ते पुसलं नव्हतं. ग्राहकांना आधीच कल्पना असलेली बरी.

खोकं ओळखीचं निघालं. पांढऱ्याचं पिवळं झालेलं, आणि बाजूला चिकटपट्टीवर सुबक अक्षरात: 'तपासले. सुरक्षित.' खाली सही.

"हा तर अप्पांचा," ती म्हणाली. "लिफ्टवाल्या अप्पांचा. कधी गेले?"

"नऊ दिवस झाले. मी त्यांची धाकटी."

धाकटी पंचेचाळिशीची होती. एका विमा कंपनीत इंटरनेटवर सावध कसं राहावं हे ती कर्मचाऱ्यांना शिकवायची. म्हणजे पासवर्ड कसा असावा, कुठल्या लिंकवर बोट ठेवू नये, वगैरे. अप्पांनी चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासल्या, सर्टिफिकेटं दिली आणि अडवली. घराण्यातच सावधपणा होता. उपयोग झाला नव्हता.

तिने फोनवर मेल काढून दिला. पक्कडने वाचला.

'तू काल म्हणालीस ते खरं आहे. हे जुनं यंत्र सगळ्यांना धोका आहे. आता ते बंद करतो आणि मीही बंद होतो. कोणाला दोष देऊ नये.'

"काल काय म्हणाला होतात?"

"आदल्या संध्याकाळी फोनवर भांडले मी. म्हटलं, तुमच्या त्या खोक्याला किती वर्षांत अपडेट नाही, एक दिवस सगळं घर गोत्यात आणाल. ते बंद करा, नाहीतर मला मेल पाठवू नका." धाकटी काउंटरच्या कडेवर बोट घासत होती. "असंच म्हणाले मी. मेल पाठवू नका. आणि सकाळी सहा बावन्नला मेल आला. सातनंतर दादाने डॉक्टरांना बोलावलं. हृदयाच्या गोळ्या जास्त झाल्या होत्या. पोलिसांनी मेल वाचला, जरा हळहळले, फाइल बंद केली."

"घरचे काय म्हणतात?"

"कोणी एक शब्द बोलत नाही मला. पानात वाढतात, पाणी देतात. ओरडले असते तर बरं झालं असतं हो. मी मारलं का त्यांना? एवढंच कळू दे. मग हो तर हो."

पक्कडला सांत्वन करता येत नसे. तिने वहीत पान उघडलं.

"अप्पांचा पासवर्ड कोणाला माहीत होता?"

"सगळ्यांना." धाकटीने डोळे मिटले. "दर महिन्याला बदला असं मीच शिकवलं होतं. ते एक तारखेला बदलायचे आणि कोणाची अडचण नको म्हणून कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहायचे. लिहून ठेवू नका ही पुढची स्लाइड होती. तोपर्यंत ते जेवायला उठले."

"म्हणजे पासवर्डने काही ठरत नाही." पक्कडने खोक्याची वायर प्लगमध्ये घातली. "पण या बाबावरून नेटवर जायला नुसता पासवर्ड पुरत नाही. बघा."

पंखा घरघरला. पडद्यावर कोपऱ्यात तारीख उमटली. एक जानेवारी दोन हजार सात. वेळ रात्रीचे बारा.

२

"प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते," पक्कड म्हणाली. "वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. याची मेलीय. बदलायला जावं तर बोर्डच हातात येईल, इतकी गंजून बसलीय. त्यामुळे प्लग काढला की हा सगळं विसरतो आणि पुन्हा लावला की ज्या वर्षी जन्मला त्या वर्षीच्या एक जानेवारीला, रात्री बारा वाजता उठतो."

"मग नेट का लागत नाही?"

"तुम्ही शिकवता ना हे?"

"मी स्लाइड दाखवते," धाकटी म्हणाली. प्रामाणिक उत्तर होतं.

"मेलच्या प्रत्येक पोस्ट ऑफिसला सर्टिफिकेट असतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत विश्वास ठेवा, असं. हा समजतो की दोन हजार सात चालू आहे. त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून निघायचंय. म्हणून म्हणतो, हे सुरक्षित नाही, मी जाणार नाही. तारीख दुरुस्त केली की निमूट जातो. अप्पांना हे सांगितलं तेव्हा काय खूश झाले होते! म्हणाले, बरोबर आहे त्याचं, तारखेचं जुळत नसेल तर मीही लिफ्ट चालू दिली नसती."

धाकटीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यात परत गेलं.

अप्पा रोज संध्याकाळी प्लग काढत आणि रोज सकाळी तारीख-वेळ हाताने घालत. गेल्या वर्षी ते हॉस्पिटलात असताना पक्कडने खोकं दुरुस्त करून घरी पोचवलं होतं आणि घरात जो होता त्याला ही भानगड समजावून आली होती. अप्पांना मात्र समजवावं लागलं नव्हतं. त्यांनी त्याचा रिवाज करून टाकला होता.

"तुमच्याकडे त्यांचे जुने मेल आहेत?"

"सगळे. वाचले नाहीत सगळे." तिने फोन पुढे केला. "आता वाचतेय."

पक्कडने फोन घेतला. मेल म्हणजे पाकीटच. वर पत्र लिहिणाऱ्याची तारीख-वेळ असते, ती त्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची. आणि आत, कोणी सहसा बघत नाही अशा ओळींत, पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो. तो शिक्का कोणाच्या घरच्या घड्याळाला जुमानत नाही. तिने एक मेल उघडून दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. मग दुसरा, तिसरा. दहाव्यानंतर तिने पेन खाली ठेवला.

"तुमच्या घरात एक घड्याळ पुढे होतं ना?"

"अप्पांच्या खोलीतलं. अकरा मिनिटं. तपासणीला उशीर होऊ नये म्हणून नोकरीत असल्यापासून. त्या घड्याळापायी आमच्या आईचं सगळं आयुष्य अकरा मिनिटं आधी संपलं असं ती म्हणायची. का हो?"

"अप्पांचा प्रत्येक मेल शिक्क्याच्या अकरा मिनिटं पुढे आहे. ते त्या घड्याळात बघून वेळ घालत होते. दीड वर्षात एकदाही चुकलेले नाहीत." तिने वही फिरवून धाकटीपुढे केली. "आता शेवटचा बघा. पत्रावर सहा बावन्न. शिक्का सहा बावन्न."

दुकानाबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायच्या खटपटीत होतं. धाकटीला ती ओळ तीनदा वाचावी लागली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या सकाळी वेळ घालणाऱ्याने अप्पांचं घड्याळ बघितलं नाही."

३

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट उत्तम चालत होती.

अप्पांच्या खोलीबाहेरच्या बोळकांडीत कॉम्प्युटरचं टेबल होतं, आता रिकामं, धुळीत खोक्याचा चौकोन राखून. पक्कड त्या खुर्चीवर बसली. दार उघडं होतं. समोर अप्पांचा पलंग आणि पलंगाच्या बरोबर वर ते घड्याळ. मान वळवायचीही गरज नव्हती. वळवून बघावं म्हटलं तरी बोळात दुसरं घड्याळ नव्हतं.

दिवसभर अप्पांचं बघणाऱ्या मावशी आठ ते पाच यायच्या. त्यांना कामावरून अजून कोणी काढलं नव्हतं, कारण ते काढायची आठवण कोणाला झाली नव्हती. त्या रिकाम्या खोलीचा केर काढत होत्या.

"मावशी, हा कॉम्प्युटर तुम्हाला लावता यायचा?"

"येतो म्हणजे काय! अप्पांनीच शिकवलं. माझ्या बहिणीच्या पोरीचे फॉर्म मीच भरलेत याच्यावरून." मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "आधी बटण. मग त्या घड्याळात बघायचं आणि ते तसंच्या तसं घालायचं. काटा इकडचा तिकडे झाला तर लागत नाही तो."

"मोबाइलमध्ये बघून घातलं तर?"

"नाही लागत," मावशी ठामपणे म्हणाल्या. "ते यंत्र या घड्याळाला बांधलेलं आहे. अप्पा म्हणाले होते."

अप्पांनी असं काहीही सांगितलं नसणार. शिस्त लागावी म्हणून सोपं करून सांगितलं असेल. पण श्रद्धा ती श्रद्धा. पक्कडने धाकटीच्या फोनवर मावशींनी मागे तिला तपासायला पाठवलेला एक फॉर्म शोधला. अकरा मिनिटं पुढे. मावशींच्या नावापुढे तिने काट मारली. ज्या बाईला दुसऱ्या घड्याळावर तो चालेल हेच ठाऊक नाही, ती दुसऱ्या घड्याळात बघेल कशाला?

मग वहिनी आल्या. त्या बेकरीत सुपरवायझर होत्या, पहाटे पाचची पाळी. अंगाला अजून मैद्याचा वास होता. बसल्या नाहीत.

"पोलिसांचं झालं, आता तुम्ही? आमच्या घरात कोणी सुखाने रडू पण देणार नाही का?"

"दोनच मिनिटं, वहिनी," धाकटी म्हणाली.

"तुमची दोन मिनिटं आम्हाला चांगली महागात पडतात." बोलून गेल्यावर त्यांनाच ते जड झालं. आवाज खाली आला. "मी त्या दिवशी पाचला पाळीवर होते. यांचा फोन आला तेव्हा हात कणकेत होते माझे. आणि ते यंत्र मला विचारू नका. अप्पा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला प्रिंट करायला बसले तर 'सुरक्षित नाही, सुरक्षित नाही'. मी तुमच्याच दुकानात फोन केला होता ना? व्हायरस आलाय म्हणून?"

केला होता. पक्कडला आठवलं, कोण बोलतंय ते न सांगता एक बाई पाच मिनिटं व्हायरसवर भांडली होती आणि तारीख बघा म्हटल्यावर 'तारीख बघून काय मुहूर्त काढायचाय?' म्हणून तिने फोन आपटला होता. तारखेचं माहीत असलेला माणूस असं भांडत नाही. शिवाय बेकरीचं हजेरी मशीन होतंच.

निघताना मावशी जिन्यापर्यंत आल्या. पदराने हात पुसत, हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, एक विचारू? पोलिसांनी गोळ्यांची डबी नेली ना, ती सात खणांची. त्यात उरलेल्या दिवसांची एकेकच गोळी होती. मी आदल्या दिवशी, मंगळवारी, पुसली तेव्हा त्याच खणांत तीन-तीन होत्या. मोठ्या. मधोमध रेघ असलेल्या."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"मला कोणी विचारलंच नाही."

४

डबी दर रविवारी दादा भरायचा. त्याचं औषधांचं दुकान होतं. वडिलांच्या गोळ्या दुसऱ्या कोणी मोजाव्यात हे त्याला अपमानास्पद वाटलं असतं. अप्पा जगातली प्रत्येक वस्तू दोनदा तपासत, पण त्या डबीचं झाकण त्यांनी कधी संशयाने उघडलं नाही. मुलाने भरलेल्या डबीची तपासणी करणारा बाप त्यांना असभ्य वाटत असावा.

दादा काउंटरमागे उभा होता. पन्नाशीचा, टापटीप, शर्टाच्या खिशात दोन पेनं. बोलता बोलता ग्राहकाला स्ट्रिप काढून देत होता, न बघता. हात बरोबर त्याच खणात जात होता.

"त्या खोक्याशी माझा संबंध नाही हो," तो म्हणाला. "मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. ते अप्पांचं खेळणं. मी सातला चहा घेऊन गेलो, हाक मारली, उठले नाहीत. लगेच डॉक्टर. बस."

"कॉम्प्युटर चालू होता?"

"लक्ष नाही दिलं. माणूस गेलेला असताना कॉम्प्युटर बघतो का कोणी?"

"आणि डबी?"

त्याचा हात पहिल्यांदा चुकीच्या खणात गेला. "डबीचं काय? त्यांनी बाटलीतून काढून घेतल्या असतील. हिने बोलायला नको होतं त्यांना तसं. आता काय उपयोग? मी काही बोललो का तुला, छोटे? एका शब्दाने?"

"नाही," धाकटी म्हणाली. "एका शब्दाने नाही."

पक्कड त्याच्याकडे बघत राहिली होती. त्याला तिने याआधी पाहिलं होतं, पण या काउंटरमागे नाही.

दुकानात परत आल्यावर तिने खोक्याची नोंदवही उघडली. प्रत्येक कॉम्प्युटर आपण कधी उठलो, कोणी घड्याळ बदललं, कोणी धड न झोपवता प्लग उपटला, हे सगळं कुरबुर न करता लिहून ठेवतो. ती कोणी वाचत नाही. मावशींसारखंच, कोणी विचारत नाही.

रोजच्या नोंदी एकसारख्या होत्या. दोन हजार सातमध्ये जाग. एक-दोन मिनिटांत घड्याळ बदललं.

शेवटच्या बुधवारी मात्र खोकं दोनदा उठलं होतं.

पहिल्यांदा नेहमीप्रमाणे. दुसऱ्या मिनिटाला घड्याळ बदललं: पाच एक्कावन्न. म्हणजे खरे पाच चाळीस. हे अप्पा. मग अचानक प्लग उपटलेला. मग पुन्हा जाग. एक जानेवारी दोन हजार सात, रात्रीचे बारा. आणि तिथून पुढे दोन हजार सातमध्येच एक मिनिट, पाच मिनिटं, वीस मिनिटं. पोस्ट ऑफिसचं दार ठोठावल्याच्या आणि नकार मिळाल्याच्या नोंदी, एकाखाली एक, चौदा. बत्तिसाव्या मिनिटाला कोणीतरी घड्याळ बदललं. सहा एक्केचाळीस. ही वेळ खरी होती, अगदी मिनिटाला मिनिट.

म्हणजे तो माणूस सहा नऊला बसला होता. त्याला तारखेचं कधीतरी कोणी सांगितलं होतं, पण ते आठवायला बत्तीस मिनिटं लागली.

पक्कडला तो दिवस आठवला. गेल्या वर्षी खोकं घरी पोचवलं तेव्हा दार उघडणारा टापटीप माणूस, खिशात दोन पेनं. 'कटकट आहे ही सगळी,' असं म्हणत ऐकणारा. आणि ती स्वतः त्याला सांगत होती: भिंतीवरच्या घड्याळात बघू नका, ते पुढे आहे, मोबाइलमध्ये बघून घाला. हे वाक्य ती आयुष्यात एकाच माणसाला बोलली होती.

प्लग का उपटला, एवढंच राहिलं. तिने अप्पांचा मेलचा प्रोग्रॅम उघडला. अर्धवट पत्रांचा कप्पा रिकामा होता. कचऱ्याची टोपलीही रिकामी होती. कोणीतरी निगुतीने रिकामी केली होती.

पण जुन्या प्रोग्रॅमना एक खोड असते. पुसलेलं पत्र ते फेकत नाहीत. त्यावर फुली मारतात आणि तिथेच ठेवतात. जागा कमी पडली तर बघू, असा त्यांचा जुन्या माणसांसारखा विचार असतो.

तिने फुली काढली.

५

"वाचू का तुम्ही वाचता?" पक्कडने विचारलं.

"तुम्ही वाचा," धाकटी म्हणाली. आणि पक्कडने सुरुवात करायच्या आत पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

'छोटे,

काल फोनवर तू बोललीस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही आणि उरलेलं निम्मं बरोबर होतं. रविवारी ये. नवीन यंत्र घेऊ. तू निवडायचं, मी नाक मुरडायचं, मग तेच घ्यायचं. मात्र मेल पाठवू नका हा हुकूम मी मानणार नाही. बडतर्फ कर हवं तर.

तीन दिवस चक्कर येतेय. या आठवड्यात गोळ्या वेगळ्या आहेत, मोठ्या, रेघेच्या, पण नेहमीसारख्या तीनच. दादाला तू काही बोलू नको, तो दुकानात फार दमतो. मीच संध्याकाळी विचारीन. आता जरा पडतो. उठून पुन्हा वाचतो आणि मग पाठवतो.'

सही नव्हती. अप्पा दुसऱ्या वाचनानंतर सही करत.

धाकटीने तोंडावर हात दाबला. आवाज आलाच. पक्कडने पाटी फिरवून 'बंद' केली आणि उगाचच एक स्क्रू घट्ट करत बसली. शेवटी धाकटी म्हणाली, "ते रागावले नव्हते."

"नाही."

"मी नाही मारलं."

"नाही."

"मग सांगा. सगळं सांगा."

पक्कडने सांगितलं. मावशींना एकच घड्याळ ठाऊक. वहिनींना तारखेचं ठाऊक नाही आणि त्या बेकरीत. तारखेचं ठाऊक आणि वेळ मोबाइलमध्ये बघणारा असा एकच, आणि त्याला शिकवणारी ती स्वतः. तुमचं भांडण ऐकलेलाही तोच असणार. अप्पा फोन स्पीकरवर ठेवत.

"सकाळी तो उठला. पडद्यावर हे पत्र उघडं होतं. वाचलं. गोळ्या कुठे चुकल्या ते त्याला एका क्षणात कळलं, त्याचा धंदाच तो. प्लग उपटला. पण मग वाटलं, नुसतं पत्र पुसून भागणार नाही, गोळ्यांचं कारण लागेल. म्हणून पुन्हा सुरू केलं, हे पत्र पुसलं, दुसरं लिहिलं. डबीत एकेक गोळी ठेवली. मग डॉक्टर."

"पण अप्पांचं घड्याळ तर समोर होतं. त्यात का नाही बघितलं?"

पक्कडने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मोबाइलचं मीच सांगितलं होतं. पण दारही लोटून घेतलं असणार. त्याला आत बघायचं नव्हतं."

धाकटी पडद्याकडे बघत होती, पत्राखालच्या बारीक ओळीकडे. 'शेवटचं जतन: ६.१३.' तिने मनातल्या मनात अकरा वजा केले. बोटावर. पुन्हा एकदा.

"सहा दोन," ती म्हणाली. "सहा दोनला ते लिहीत होते. आणि दादा सहा नऊला बसला."

पक्कडने मान डोलावली. हे तिला कालच दिसलं होतं. धाकटीला दिसू नये असं तिला वाटत होतं.

६

दुपारी औषधांच्या दुकानात गर्दी नसते. दादाने अप्पांच्या पत्राचा छापलेला कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, उघडली, पुन्हा घडी घातली.

"लहान गोळी मिळेना," तो म्हणाला. "त्या तीन लागायच्या. मोठ्या ताकदीची आली, ती एक पुरते. मला माहीत होतं. डबी भरताना ग्राहक होता समोर, बोलत होतो. हाताला तीनची सवय, छोटे. सहा वर्षांची सवय. हातानेच भरली. मी भरलीच नाही."

"हे तू त्या दिवशी म्हणाला असतास."

"आणि परवाना? दुकान? स्वतःच्या बापाला चुकीच्या गोळ्या देणाऱ्याकडे खोकल्याचं औषध तरी घेईल का कोणी?" त्याचा आवाज चढला आणि फुटला. "तुझं काय जाणार होतं? तू बोललीच होतीस त्यांना. मी खोटं काय लिहिलं? म्हटलं, हिला वाईट वाटेल, पण वर्षभराने विसरेल. दुकान नाही परत येत."

पक्कड दाराशी उभी होती. तिने आजवर पुष्कळ खराब झालेल्या वस्तू उघडून पाहिल्या होत्या. आतून साधारण अशाच दिसायच्या. जळालेला भाग अगदी लहान असे.

धाकटी काउंटरवर पुढे वाकली.

"दादा, तू बोळात आलास. पत्र वाचलंस. मग आत गेलास?"

"हाक मारली."

"आत गेलास का?"

"दारातून हाक मारली. ओ दिली नाही. कूस वळवून झोपले होते."

"हात लावून बघितलास?"

दादाने तो कागद काउंटरवर सरळ केला.

"श्वास बघितलास? तू औषधवाला आहेस. नाडी बघता येते तुला. लोकांची फुकट बघतोस."

"मला वाटलं, गेलेत."

"वाटलं."

"छोटे, मी घाबरलो होतो गं."

"बत्तीस मिनिटं ते खोकं नेटवर जाईना. चौदा वेळा प्रयत्न केलास. चौदा वेळा, दादा. मग पत्र लिहायला अकरा मिनिटं. मग डबी. मग डॉक्टर." ती मोठ्याने बोलत नव्हती, मोजून बोलत होती, जशी वर्गात बोलत असेल. "मधलं दार तू उघडलंस का, एकदा तरी?"

दादाने दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले.

"आत काही आवाज आला होता?" धाकटीने विचारलं.

"पंखा," तो म्हणाला. "खोक्याचा पंखा फार मोठा आहे. दुसरं काही ऐकू येत नाही."

धाकटीने त्याच्या खिशातलं एक पेन काढलं, टोपण काढलं आणि बिलाच्या पॅडवरचा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"लिही. या वेळी तुझ्या नावाने."

"वहिनीला येऊ दे घरी. तिला आधी..."

"लिही."

त्याने लिहायला घेतलं. पहिली ओळ खोडली, दुसरी खोडली, तिसरी चालू राहिली. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी उलगडत पायरी चढून आले आणि सवयीने थेट दादाकडेच बघत म्हणाले, "हे जरा द्या हो, रोजचंच आहे."

दादाचा हात न बघता मागच्या खणाकडे निघालासुद्धा.

धाकटीने तो मनगटापाशी धरला. "काका, दुसरीकडून घ्या," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "हे दुकान बंद झालंय." मग ती दारापर्यंत गेली, पक्कडला बाजूला व्हायला सांगितलं आणि आतून शटर खाली ओढलं.